१९ फेब्रुवारी आली आणि गेली

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. गेल्या महिनाभरात ज्यांनी मला फोन केले, मंगळवारी बाजारात भाजी घेताना गाठलं, रेसिडेन्सी रोडवर गाडी थांबवून विचारलं, त्यांच्यासाठी मुख्यतः आहे. बाकीच्यांनी वाचली तर आनंदच आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी : मी सदरचीच. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, त्यातली बावीस लेबर रूममध्ये गेली. निवृत्त झाल्यावर तीन वर्षं एका खासगी नर्सिंग होममध्ये काम केलं, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं. डॉक्टर नाही मी. म्हणूनच असेल, जे प्रश्न लोकांना डॉक्टरला विचारायची लाज वाटते ते माझ्याकडे येतात.

तर प्रश्न असा : "सिस्टर, छत्तिसाव्या आठवड्यात सिझर केलं तर चालते का?"

एका महिन्यात पाच घरांतून हा प्रश्न आला. कोणी छत्तीस म्हटलं, कोणी पस्तीस, एकानं चौतीसही विचारून पाहिलं. गंमत अशी की विचारणाऱ्या पाचांपैकी एकालाही बाळ होणार नव्हतं. दोन आजोबा, एक सासूबाई, एक मामा आणि एक बाप. ज्यांचं पोट होतं त्या पाचही पोरी अमेरिकेत. त्यांच्यापैकी एकीचाही फोन आला नाही. माझ्या भाचीशी बोलले, तेही मीच फोन लावला म्हणून.

आता हे सगळं कशामुळे, ते ज्यांनी बातम्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. २० जानेवारीला शपथ घेतल्याच्या दिवशीच डोनाल्ड ट्रम्प यांनी एक हुकूम काढला. अमेरिकेच्या जमिनीवर जन्मलेलं मूल अमेरिकेचं नागरिक, हा तिथल्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतला नियम, १८६८ चा. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना 'तुम्ही इथले नाहीच' असं कोणी म्हणू नये म्हणून तो आला. पुढे १८९८ मध्ये वाँग किम आर्क नावाच्या, चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या माणसाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो पक्का केला. ट्रम्प यांचा हुकूम म्हणतो, आई बेकायदा राहत असेल किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर मुलाला नागरिकत्व नाही. तीस दिवसांनी लागू. म्हणजे १९ फेब्रुवारी.

तात्पुरता व्हिसा म्हणजे आपल्याच पोरांचा. एच-वन-बी, एच-फोर, शिकणाऱ्यांचा एफ-वन, सगळे त्यात आले.

हुकूम निघून दोनचार दिवस होत नाहीत तोच वर्तमानपत्रात छापून आलं की न्यू जर्सीतल्या एका दवाखान्यात भारतीय जोडप्यांचे फोन सुरू झालेत, २० फेब्रुवारीच्या आत सिझर करून द्या म्हणून. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाया. एक तर सातव्यातली, तिची तारीख मार्चमधली. टेक्सासमधल्या एका डॉक्टरांनी त्याच बातमीत सांगितलं होतं की वेळेआधी काढलेल्या बाळाची फुप्फुसं तयार नसतात, दूध ओढता येत नाही, वजन कमी भरतं, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. बातमी आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरली. मी पाहिलं, ती पुढे पाठवताना डॉक्टरांचा भाग गळून जात होता आणि तारीख तेवढी राहत होती.

माझी भाची न्यू जर्सीतच आहे. नाव देत नाही. ती आणि जावई, दोघंही नागपूरचे, दोघंही एच-वन-बीवर. ड्यू डेट १२ मार्च. हुकूम निघाला त्या दिवशी तिला बत्तीस आठवडे पाच दिवस झाले होते.

आमच्याकडे 'छोटा पाहुणा' नावाचा ग्रुप आहे. डोहाळजेवणाच्या वेळी झाला होता, तोवर त्यात हिरव्या साडीतले फोटो आणि नावांच्या याद्या यायच्या. २१ जानेवारीला सकाळी तिच्या सासऱ्यांनी बातमीची लिंक टाकली. खाली लिहिलं, "काही करता येते का पाहा." दुपारपर्यंत आमच्याच घरातल्या एकानं कॅलेंडर मोजून सांगितलं की १८ फेब्रुवारीला छत्तीस आठवडे आणि सहा दिवस होतात, म्हणजे सदतीसच धरा. पुण्याच्या एका बहिणीनं लिहिलं की आजकाल सिझर म्हणजे काहीच नाही, तिची मैत्रीण तिसऱ्या दिवशी चालायला लागली होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की १८ ला मंगळवार आहे. गणपतीचा वार! त्यावर नऊ जणांनी हात जोडले.

२६ जानेवारीला सकाळी ग्रुपवर तिरंगेच तिरंगे. संविधानाचा फोटो, परेडचा व्हिडिओ, 'आम्हाला अभिमान आहे' वगैरे. त्याच दिवशी अकराच्या सुमारास, त्याच ग्रुपवर, त्याच माणसाकडून : "मग १८ फिक्स समजायची का?"

भाचीचा त्या पाच दिवसांत एकही मेसेज नव्हता. रात्री साडेअकराला मी तिला फोन लावला, तिच्याकडे दुपार होती.

"मावशी, तू सांग नं. खरंच काही होते का बाळाला?"

"तुझी डॉक्टर काय म्हणते?"

"नाही म्हणते. कारण नसताना एकोणचाळीसच्या आत हात लावणार नाही म्हणते. तो आता दुसरी डॉक्टर शोधून राहिला."

"आणि तू काय म्हणतेस?"

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही गं."

हे वाक्य ऐकलं आणि त्याच रात्री ही पोस्ट लिहायला घेतली होती. तेव्हा टाकली असती तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या. म्हणून थांबले. आज लिहिते आहे.

छत्तीस आणि एकोणचाळीस यांत फरक काय, तो मी सांगते, कारण मी पाहिला आहे. शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटात नुसतं पडून वजन वाढवत नसतं. फुप्फुसांच्या आत एक चिकट थर तयार होत असतो, त्याच्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसं चिकटून बसत नाहीत. तो पुरा झाला नसेल तर बाळ बाहेर येतं, रडतं, सगळे खूश होतात, आणि तासाभरानं त्याचं नाक फुलायला लागतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. बाळ कण्हतं. तो आवाज ज्यानं एकदा ऐकला तो विसरत नाही. म्हाताऱ्या माणसासारखा येतो, एवढ्याशा जिवातून. वरून कावीळ लवकर चढते, साखर खाली जाते, ओठ लावले तरी ओढायची ताकद नसते. बहुतेक बाळं यातून निघतात, मी घाबरवायला लिहीत नाही. पण काचेच्या पेटीत जी असतात त्यांच्या आयांना जाऊन विचारा, एकेक दिवस किती लांब असतो. आणि अमेरिकेत त्या पेटीचं रोजचं बिल हजारो डॉलरचं असतं.

आईचं काय? पोटावर एकदा चीर गेली की पुढच्या प्रत्येक बाळंतपणात ती चीर सोबत येते. पुढच्या वेळी वार त्याच जुन्या टाक्यांवर बसली आणि आत रुतली, तर रक्त थांबत नाही. अशा दोन बायांना मी टेबलावर पाहिलं आहे. एक घरी गेली.

सिझरच्या विरोधात मी नाही, हे नीट वाचा. नाळ आधी खाली उतरलेली, बाळ आडवं, वार तोंडाशी, ठोके बुडत चाललेले, अशा बायांच्या ट्रॉल्या ढकलत मी ओटीपर्यंत धावले आहे. सिझर नसतं तर त्या आज नसत्या. पण त्या सगळ्यांत तारीख पोटानं ठरवली होती. १८ फेब्रुवारी कोणाच्या पोटानं ठरवली?

आता कोणी म्हणेल, ट्रम्पनं ठरवली. नाही हो. ट्रम्पनं फक्त एक तारीख दिली. तारीख पाहून बाईला टेबलावर घ्यायची सवय आपली आधीपासूनची आहे.

मी खासगीत होते तेव्हाची गोष्ट सांगते. नर्सिंग होमचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही. एक पेशंट होती, पहिलटकरीण, सदतीस आठवडे. बीपी छान, बाळ डोक्याकडून, कसलाच त्रास नाही. घरच्यांनी मुहूर्त काढून आणला होता, अकरा दहा ते अकरा पंचवीस. भूल देणारे डॉक्टर ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा बाहेर हलकल्लोळ. बाप ओटीच्या दारातून दर मिनिटाला विचारत होता, "काढलं का? काढलं का?" अकरा एकोणिसला बाळ बाहेर आलं. टाळ्या वाजल्या. साडेअकराला पेढे वाटले, मीही खाल्ला. बाराला मी बाळाच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं तर छाती आत ओढत होतं. दोनला अॅम्ब्युलन्समधून मोठ्या दवाखान्यात गेलं, नऊ दिवस राहिलं. सगळं घर बाळाबरोबर तिकडे गेलं आणि ती पोरगी आमच्याकडे ओल्या टाक्यांनी एकटी, वाटीत दूध काढून पाठवत बसलेली. रागावून बोलायला कोणी हवं होतं, तर मी सापडले. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना कोणी काही बोललं नाही. पत्रिका अतिशय उत्तम झाली म्हणे.

२२ जानेवारी २०२४ आठवते ना? अयोध्येची प्राणप्रतिष्ठा. कानपूरच्या मेडिकल कॉलेजात बाया येऊन सांगत होत्या, आमचं सिझर त्याच दिवशी करा. बातम्या आल्या, आपण कौतुकानं वाचल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी पाहा, २०१९-२१ ची. महाराष्ट्रात शंभरातल्या २५.४ बाळंतपणांत सिझर, आधीच्या फेरीत २०.१ होतं. देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४. एकाच देशातल्या बाया, पोटं सारखीच. बिलाचा काउंटर बदलला की पोट तिपटीनं अडतं का? जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये दहा ते पंधरा टक्क्यांच्या वर जायचं कारण नाही म्हटलं होतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये ते पाठ होतं.

तेव्हा न्यू जर्सीच्या डॉक्टरनं "नाही" म्हटलं याचं आपल्याला एवढं आश्चर्य का वाटलं, ते समजून घ्या. आपल्याला 'नाही' ऐकायची सवयच राहिली नाही.

आणि बाहेर जाऊन सिझर करून यायचं, हेही काही या जानेवारीत सुरू झालेलं नाही. २०१८ मध्ये आमच्याच ओळखीतलं एक घर. नवरा-बायको दोघंही नागपुरात, चांगला धंदा, अमेरिकेशी संबंध फक्त टेक्सासमधल्या एका चुलत दिराचा. टूरिस्ट व्हिसा होताच. सातव्या महिन्यात सैल कुर्ता घालून सुनेला विमानात बसवलं. अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरची चिठ्ठी मागतात, छत्तीसच्या पुढे बहुतेक जण बसूच देत नाहीत, म्हणून सातवा. तिकडे गेल्यावर नॉर्मलची वाट पाहायची नाही असं इथूनच ठरलं होतं, कारण नवऱ्याला दहाच दिवसांची सुट्टी आणि परतीचं तिकीट काढलेलं. प्लॅन सिझर. इन्शुरन्स नाही, सगळं रोख. पंचवीस लाखांच्या आसपास गेले, हे सासऱ्यांनी मला अभिमानानं सांगितलं होतं.

सुनेनं काय सांगितलं ते वेगळं आहे. नवरा दहाव्या दिवशी परतला. मग ती अकरा आठवडे त्या दिराच्या घरी. "काकू, टाके दुखून राहिले होते आणि मी दुसऱ्याच्या घरची भांडी डिशवॉशरमध्ये लावून राहिले होते. त्यांनी नाही म्हटलं, पण किती दिवस नुसतं बसून खाणार?" तिची आई इथे डिंक तळून डबा भरून बसलेली, व्हिसा मिळाला नाही. आपल्याकडे बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, ती रीत उगाच पडलेली नाही. त्या दिवसांत डोक्यावर हात ठेवायला कोणी लागतं.

तो मुलगा आता इथेच नागपुरात पहिलीत आहे. गोड पोरगा आहे, 'पाह्य' म्हणतो, 'बघ' नाही. त्याच्या पासपोर्टचा आईबापांना काय उपयोग? तो एकवीस वर्षांचा झाला की त्यांच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो. म्हणजे २०३९. तोवर आपल्याच घरात तो परदेशी. ओसीआय कार्ड आहे, पण मोठा झाल्यावर मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. अठरा झाल्यावर अमेरिकेच्या सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवावं लागेल, आणि कमवायला लागला की कुठेही राहिला तरी तिथल्या सरकारला कराचा हिशोब द्यावा लागेल. आणि आता जी मंडळी असं मूल आणून इथेच वाढवायचं म्हणतात त्यांनी हेही वाचावं : ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय झालेल्या मुलाला नीट, जेईईत फक्त एनआरआयच्या जागा. ज्यांना नातवाला डॉक्टर करायचं आहे त्यांनी फीचा अंदाज घेऊन ठेवा.

तो मार्गही २४ जानेवारी २०२० पासून अमेरिकेनं बराच बंद केला. मुख्य उद्देश तिथे बाळंत होऊन नागरिकत्व मिळवणं आहे असं व्हिसा अधिकाऱ्याला वाटलं तर टूरिस्ट व्हिसा नाकारायचा, असा नियम आला. त्याच्या आधीच्या वर्षी कॅलिफोर्नियात चिनी गरोदर बायांसाठी घरं चालवणाऱ्या, व्हिसा अर्जात खोटं कसं बोलायचं ते शिकवणाऱ्या एकोणीस जणांवर खटले भरले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्युनोस आयर्सला एकाच विमानातून तेहतीस गरोदर रशियन बाया उतरल्या. त्यांच्या देशात युद्ध होतं, नवरे आणि मुलं रणात जायची भीती होती. त्या बायांना मी हसणार नाही. पण आमच्या ओळखीतल्या त्या घराला कशाची भीती होती? गोरेवाड्याच्या वाघाची?

भाचीची गोष्ट वेगळी आहे, हे मी मानते. ती तिथे नोकरी करते, कर भरते. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दशकांची आहे, कारण कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांच्या वर द्यायची नाहीत असा त्यांचा नियम. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाही तर निघा. अशा माणसांच्या मनात एवढा एक आधार होता, की आपलं काहीही होवो, बाळाचं पक्कं आहे. तोही एका सहीनं काढून घ्यायला निघाले. आईबापाच्या कागदाची शिक्षा तान्ह्या बाळाला, हा हुकूम मला अन्यायाचाच वाटतो. मात्र ट्रम्पना शिव्या देणाऱ्या आपल्या ग्रुपवाल्यांना एक आठवण : आपल्या देशातही १ जुलै १९८७ पर्यंत इथे जन्मलं की नागरिक, असाच नियम होता. मग आई किंवा बाप भारतीय हवा असं झालं. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आपण हे केलं तेव्हा कोणत्या ग्रुपवर कोण रडलं?

आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा कोणी बोललंच नाही. ग्रुपवर सगळे असं लिहीत होते की १९ नंतर बाळ झालं तर ते "कुठलंच राहणार नाही". कुठलंच कसं राहणार नाही? आई भारतीय, बाप भारतीय. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. परदेशात जन्मलेल्या बाळाची आपल्या दूतावासात एका वर्षाच्या आत नोंद करा, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्या, बाळ भारताचं नागरिक. न्यू जर्सीवाल्यांसाठी न्यूयॉर्कलाच आपला कॉन्सुलेट आहे. हे मी ग्रुपवर लिहिलं. तिरंगा टाकणाऱ्या काकांनी उत्तर दिलं, "ते तं शेवटी आहेच."

शेवटी आहेच! म्हणजे काहीच मिळालं नाही तर भारतीय. आणि ते टाळण्यासाठी तीन आठवडे आधी पोरीचं पोट फाडायची तयारी. सव्वीस जानेवारीचा अभिमान अकरा वाजेपर्यंतच पुरतो का?

सिझरसाठी लांबून प्रवास करून येणाऱ्या बाया मी आयुष्यभर पाहिल्या, म्हणून मला हा राग जास्त येतो. त्या विमानानं येत नव्हत्या. गडचिरोलीहून 'रेफर'ची चिठ्ठी घेऊन, अॅम्ब्युलन्समध्ये चार-चार तास कळा देत येत होत्या. गावी सर्जन असेल तर भूल देणारा नसतो, भूल देणारा असेल तर रक्त नसतं. त्यांच्याबरोबर फार तर एक सासू आणि एक आशाताई. कितीदा तर दार उघडल्यावर ठोके शोधायचे आणि सापडायचे नाहीत. भामरागडला दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढतं आणि तालुका तुटतो. २०२४ च्या जुलैत तिकडे एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटात बसवून नाला ओलांडावा लागला, फोटो सगळ्यांनी पाहिला, रडणारे इमोजी टाकले. सरकारनं आदिवासी भागात आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघरं' काढली आहेत, बाईनं तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहावं म्हणून. कल्पना चांगली आहे. पण मजुरी बुडवून, मागे दोन पोरं टाकून ती कशी येऊन राहणार, यावर आमच्या कोणत्याच ग्रुपवर कॅलेंडर मोजलं गेल्याचं मला आठवत नाही. याच नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ काढला, बाळंतपणात बाया मरू नयेत म्हणून. शंभर वर्षांनी एका बाईला हवं तेव्हा सिझर मिळत नाही आणि दुसरीला नको तेव्हा करून घे म्हणून सांगतात. ते सांगायला सगळं खानदान ऑनलाइन.

काल १९ तारीख आली आणि गेली.

झालं काय? हुकूम निघून तीन दिवस होत नाहीत तोच सिॲटलच्या न्यायाधीशांनी, तेही रेगन यांनी नेमलेल्या, तो धडधडीत घटनाबाह्य आहे म्हणून तात्पुरता थांबवला. ५ आणि ६ फेब्रुवारीला मेरीलँड आणि सिॲटलच्या कोर्टांनी देशभर मनाई दिली. ती उठवा म्हणून सरकार अपिलात गेलं, तिथेही काल नाही म्हटलं. पुढे सुप्रीम कोर्टात काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण काल जन्मलेलं बाळ, आज जन्मलेलं बाळ, जुन्याच नियमानं नागरिक आहे. २३ जानेवारीलाच बातमी आली होती की हे थांबणार. ती ग्रुपवर कोणी टाकली नाही. मी टाकली, तर उत्तर आलं, "कोर्टाचा काय भरवसा? सिझरचा भरवसा आहे."

ज्या पाच घरांतून मला फोन आले त्यांच्यापैकी तिघांनी ऐकलं. चौथं घर आमचं. पाचव्या घरात १४ तारखेला झालं, पस्तीस आठवड्यांवर. दुसरा डॉक्टर सापडला आणि फाइलमध्ये काही तरी कारण लिहिलं गेलं. मुलगा आहे. आजोबा रविवारी पेढे घेऊन आले होते, हल्दीरामचे. पेटीत आहे म्हणाले, ऑक्सिजन कमी करून राहिले म्हणाले, "पण सिस्टर, सिटिझन झाला." मी पेढा घेतला. काय बोलणार? त्यांचा हात थरथरत होता. ते वाईट नाहीत, त्यांना कोणी 'नाही' म्हटलं नाही, मीही पुरेसं जोरात म्हटलं नाही.

आमची भाची आज सदतीस आठवडे एक दिवस. १८ च्या मंगळवारी ती ऑफिसचं काम करत होती. ३० जानेवारीला तिनं ग्रुपवर एकच ओळ टाकली होती : "माझ्या डॉक्टरांनी तारीख दिलेली नाही, त्यामुळे कोणीच देऊ नये." त्याच्यावर हात कोणी जोडले नाहीत. जावयाचा एक अंगठा आला, दोन तासांनी. मग नावांच्या याद्या पुन्हा सुरू झाल्या.

ताई सोमवारी दोहामार्गे निघते आहे. बॅग तीनदा वजन करून झाली. अळीव, खारीक, सुंठ आत, डिंकाचे लाडू केबिन बॅगेत. विमानतळावर काढायला लावतील की काय याची तिला नागरिकत्वापेक्षा जास्त काळजी आहे.

कमेंटमध्ये आठवडे लिहून "चालते का" असं कोणीही विचारू नका, मी उत्तर देणार नाही. सासरे, मामा, काका यांनी तर अजिबात नाही. जिच्या पोटात बाळ आहे तिला माझा नंबर द्या. रात्री उशिरा केला तरी चालेल, तिकडे दिवस असतो, आणि मला तसंही नाइट ड्युटीची सवय आहे.